अकरा आजोबांचा परिच्छेद

१९९७ च्या मार्च महिन्यात अकरा मुलांचे आजोबा शिवनेरीवर घसरून पडले. अकराही जण तिसऱ्या दरवाजाच्या अलीकडच्या पायरीवर घसरले, अकराही जणांचा डावा पाय मुरगळला आणि सगळ्यांना पाठीवर घेऊन खाली आणणारा मेंढपाळ एकच होता. त्यानं बक्षीस घेतलं नाही. मग आजोबा म्हणाले की माणुसकी अजून मेलेली नाही. हे सगळं इंग्रजीत, नऊ वाक्यांत, बारावीच्या बोर्डाच्या पेपरात लिहिलेलं होतं. प्रश्न होता, तुमच्या आयुष्यातला न विसरता येणारा दिवस, एक परिच्छेद लिहा.

आधीची कितीतरी वर्षं हे आजोबा निरनिराळ्या गठ्ठ्यांत विखरून पडायचे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या वर्षी ते एकाच तपासनिसाच्या हातात एकामागून एक आले. बोर्डानं अकरा जणांचा निकाल राखून ठेवला आणि सामूहिक कॉपीच्या संशयावरून चौकशीला बोलावलं. तेवीस जूनला पुण्यात हजर राहा, समितीपुढे एका नव्या विषयावर परिच्छेद लिहून दाखवा, असं पत्र आलं.

कॉपी झालेली नव्हती. तो परिच्छेद माझा होता.

मी तेव्हा नारायणगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो आणि संध्याकाळी एसटी स्टँडमागे खताच्या दुकानाच्या माडीवर क्लास घेत होतो. अनुदानित कॉलेजातल्या मास्तरानं खाजगी क्लास घ्यायचा नाही असा नियम आहे, म्हणून दारावरची पाटी बायकोच्या नावाची होती. माझी बायको सातवी पास. मी वर मुलांना 'मोरओव्हर' शिकवायचो तेव्हा ती घरी गवार निवडत असायची. गावाला हे सगळं ठाऊक होतं आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून सगळे गप्प होते.

क्लास चालायचा तो परिच्छेदांवर. माझा परिच्छेद म्हणजे कसा, आखीवरेखीव. आधी एक भारदस्त वाक्य, 'आपणा सर्वांना ठाऊकच आहे की' असं सुरू होणारं. मग फर्स्टली, मग सेकंडली, मग मोरओव्हर, आणि शेवटी बोध. वर्षाकाठी असे बारा परिच्छेद मी फळ्यावर लिहायचो, मुलं उतरवून घ्यायची आणि घडाघडा पाठ करायची. बारांतला एक तरी पेपरात पडायचाच. मुलं पास होत होती, आईबाप पेढे आणून देत होते आणि मी इंग्रजी लिहायला शिकवतो असं मला मनापासून वाटत होतं. खरं म्हणजे मी गाळ उपसत होतो आणि विहीर खणली म्हणून मिरवत होतो.

पत्रं आल्यावर चौथ्या दिवशी आळे गावचे भरतशेठ घरी आले. द्राक्षाची मोठी बाग, आमच्या शिक्षणसंस्थेवर सभासद, आणि त्यांची हर्षाली त्या अकरा जणांत. आमच्याकडं कुणी पाव्हणा घरी आला की आल्या आल्या कामाचं बोलत नाही. ते हलकेपणाचं मानतात. भरतशेठनी पाणी घेतलं, चहा घेतला, बागेच्या खरड छाटणीचं सांगितलं, मुंबईच्या मार्केटात टोमॅटोची काय दशा आहे ते सांगितलं, माझ्या मेव्हण्याच्या गुडघ्याची चौकशी केली. पाऊण तास मी खुर्चीच्या कडेवर बसून होतो. मग ते उठले, चप्पल पायात सरकवली आणि उंबऱ्यात थांबले. काम नेहमी उंबऱ्यात निघतं.

"सर, ते पोरांचं आमी दहा पालकांनी बसून ठरवलंय," ते म्हणाले. "पोरं सांगणार की पुढच्या बाकावरच्या पोरीनं पेपर दाखवला, म्हणून आमी लिव्हलं. एकाला धरलं की बाकीच्यांना समज देऊन सोडत्यात. मी माहिती काढलीय."

"पुढच्या बाकावर कोण होतं?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"येडगावच्या भागुजीची पोरगी. यशोधरा. तिचाच नंबर पयला हाय, हुशार बी तीच हाय. कुणालाबी पटंल."

"पण तिनं दाखवलं नाही, भाऊ. सगळ्यांनी पाठ केलं होतं. माझ्या वहीतलं."

"ते सांगितलं तर तुमचा क्लास निघंल. क्लास निघाला की संस्था निघंल. तुमचं नाव कुठं येणार न्हाई, आमी बघतो. आणि तिच्या मागं कोण येतंय बोलायला?"

भरतशेठनी जात काढली नाही. काढायची गरजच नव्हती. अकरा जणांत बौद्धवाडीतली ती एकटी होती.

मी म्हणालो, "बघू."

आमच्याकडं दारातल्या पाव्हण्याला 'नाही' म्हणत नाहीत, 'बघू' म्हणतात, आणि त्याला जे हवं असतं ते तो त्यातून घेऊन जातो. भरतशेठ ते घेऊन गेले.

त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टेकेना. वर्गात खडू हातात घ्यायचो आणि काय लिहायचं ते विसरायचो. जेवताना उठून दारापर्यंत जायचो. बायकोनं विचारलं, काय हरवलंय? मी म्हणालो, काही नाही. मला माझी नोकरी हवी होती, हे सरळ सांगतो. घर भाड्याचं, निवृत्तीला अकरा वर्षं बाकी, आणि खाजगी क्लासच्या चौकशीत एकदा नाव गेलं की मास्तराचं काय होतं ते मी जवळून पाहिलं होतं. पण त्या मुलीचं तोंडही डोळ्यापुढून हलेना. तिला डी.एड. करायचं होतं. अर्जाची शेवटची तारीख तीस जून. निकाल हातात नसेल तर अर्ज नाही, आणि कॉपीचा ठपका बसला तर पुढच्या दोन परीक्षाही नाहीत.

मग मी स्वतःची एक समजूत काढली. यशोधराला आठ दिवस शिकवायचं. समितीपुढे तिनं फक्कड परिच्छेद लिहिला म्हणजे ती हुशार आहे हे दिसेल आणि सगळं आपोआप सुटेल. माझं नावही निघणार नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मला तेव्हा तो लख्ख उजेड वाटला होता.

येडगावला जीपनं गेलो. भागुजींचं मोटर वाइंडिंगचं दुकान रस्त्याला लागूनच, मागं घर. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथं ओळीनं पडलेल्या असायच्या. आत गेलो तर यशोधराच्या आईनं, जानकाबाईंनी, पाणी दिलं, चहा दिला, बसायला सतरंजी टाकली. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी मुलीचं दहावीचं प्रशस्तिपत्रक, दोन्ही सारख्याच काचेत. भागुजी धरणाच्या पाण्याबद्दल बोलले, लाइटच्या वेळापत्रकाबद्दल बोलले, माझ्या क्लासची स्तुती केली. ती स्तुती मला काट्यासारखी टोचत होती. निघताना ते उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथं थांबले.

"सर, पोरीचं वर्स जाईल का?"

"मी शिकवतो तिला," मी म्हणालो. "रोज येतो."

भरतशेठचा बेत मी सांगितला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दुकानातच बसू लागलो, कारण घरात उजेड कमी होता. मी विषय दिला, 'माझं गाव'. यशोधरा शांत मुलगी, ओठ आवळून लिहायची. दहा मिनिटांत तिनं कागद पुढं केला. आपणा सर्वांना ठाऊकच आहे की भारत हा खेड्यांचा देश आहे. फर्स्टली, माझं गाव निसर्गरम्य आहे. सेकंडली, लोक कष्टाळू आहेत. मोरओव्हर, सगळे एकोप्यानं राहतात.

"एकोप्यानं राहतात?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी कागदावर काट मारली आणि म्हणालो, "ठाऊकच आहे वगैरे काढ. फर्स्टली सेकंडली काढ. पाठ केलेलं काहीही नको."

तिनं ते सगळं खोडलं. कागदावर काहीच उरलं नाही.

"आता?"

"आता तुला जे सांगायचंय ते पहिल्या वाक्यात सांग. मग त्याची कारणं दे, एकापाठोपाठ एक. जे त्या वाक्यातलं नाही ते लिहू नकोस."

"पयलं वाक्य कसं सापडतं, सर?"

मी खडू शोधायला खिशात हात घातला. तिथं फळा नव्हता. "थांब, मी लिहून दाखवतो," म्हणालो आणि तिच्या वहीचं पान घेतलं.

पंधरा मिनिटं मी त्या पानाकडं पाहत होतो. डोक्यात बारा परिच्छेद रांगेत उभे होते, मीच लिहिलेले, आणि प्रत्येक जण मला घे मला घे म्हणत होता. ते बाजूला सारले की मागं काहीच नव्हतं. सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मला स्वतःचं असं एक वाक्य सुचेना. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला, कुणावर ते कळेना. मी वही मिटली आणि उद्या येतो म्हणालो.

उद्या तेच. परवा तेच. तिला 'पाऊस' दिला, 'वर्तमानपत्र' दिलं, 'शिस्त' दिली. ती लिहायची, मी खोडायचो. तिसऱ्या दिवशी तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "सर, तुमी नुसतं न्हाई न्हाई म्हणताय." तिचं बरोबर होतं. मी जीपमध्ये बसलो तेव्हा माझा पाय सारखा हलत होता. शेजारच्या माणसानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला आणि म्हणाला, "राव, जीप चालतीय की."

चौथ्या दिवशी आम्ही असेच अडून बसलो होतो तेव्हा सोपान नावाचा एक शेतकरी बैलगाडीत मोटर घालून आला. भागुजींनी मोटर उतरवली, उघडली, वास घेतला, आणि सोपानचं अजून पाणी पिऊन झालेलं नव्हतं तेवढ्यात म्हणाले, "मोटर जळाली. निम्मीच क्वाइल काळी पडलीय, हे बघ, बाकीची तांबडी हाय. म्हंजे तीनातली एक फेज गेली व्हती आणि मोटर दोनवरच वढत राहिली. स्टार्टरनं बंद पाडायला पायजे व्हती, न्हाई पाडली. तवा मोटर मी भरून देतो, पर तू आधी स्टार्टर बदल, न्हाईतर म्हैन्यात परत यशील."

सोपाननं मान हलवली आणि गेला. एक प्रश्न विचारला नाही. विचारायला काही उरलंच नव्हतं.

मी उठून उभा राहिलो. "भागुजी, घरात तुम्ही उंबऱ्यापर्यंत विषय काढत नाही. इथं आल्या आल्या कसं सांगून टाकता?"

ते हसले, हात फडक्याला पुसले. "घरी पाव्हणा असतोय, सर. हितं गिऱ्हाईक. त्याचा जीव टांगलेला असतो. मोटर गेली का राहिली, येवढंच त्याला पायजे असतं. ते न सांगता मी वायरीचं पुराण लावलं तर त्याच्या कानात काय शिरंल? वाईट असलं तर आधी सांगून टाकायचं. त्येच अवघड असतं. मंग पुढचं सोपं जातं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. यशोधरानं पेन उचललं होतं. तिनं वीस मिनिटं लिहिलं, दोनदा खोडलं आणि वही माझ्याकडं दिली.

तिचं इंग्रजी साधं होतं, एका ठिकाणी अडखळलेलंही. पहिलं वाक्य असं होतं, आमच्या दुकानात येणाऱ्या मोटारी बहुतेक वेळा वापरून जळत नाहीत, दुर्लक्षानं जळतात. मग तिनं दुर्लक्ष कसं होतं ते लिहिलं होतं. लाइट अवेळी येते, म्हणून शेतकरी बटण चालूच ठेवून जातो. एक फेज जाते तेव्हा तिथं कुणी नसतं. मोटर आवाज बदलते, पण ऐकायला माणूस नसतो. शेवटी लिहिलं होतं, माझे वडील म्हणतात की मोटर मरायच्या आधी सांगत असते. फर्स्टली नव्हतं, मोरओव्हर नव्हतं, पण एक वाक्य काढलं असतं तर पुढचं पडलं असतं.

मी ते तीनदा वाचलं. इतका आनंद मला माझ्या कुठल्याच मुलाच्या पंच्याण्णव टक्क्यांनी झाला नव्हता. "हे असंच," मी म्हणालो, "तेवीसला हे असंच लिहायचं." पुढचे दिवस ती लिहीतच सुटली. आईच्या शेळीवर लिहिलं, धरणात गेलेल्या जुन्या रस्त्यावर लिहिलं, एसटीची वाट पाहण्यावर लिहिलं.

बावीस तारखेला मी शेवटचा गेलो. निघालो तेव्हा यशोधरा मागोमाग उंबऱ्यापर्यंत आली. मी चप्पल घातली आणि ती थांबली आहे हे मला पाठीला कळलं.

"सर, एक इचारू? हर्षाली भेटली व्हती. ती रडत व्हती. मला म्हणाली, मी तुझं नाव घेणार हाय, मला माफ कर, घरचे ऐकत न्हाईत."

मी वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागलो.

"मंग मी चांगलं लिव्हलं तर ते म्हणतील, आजोबांचंबी हिनंच लिव्हलं आणि बाकीच्यांना दाखवलं. वाईट लिव्हलं तर म्हणतील, हिनं कॉपी केली. मंग मी कसं लिहू, सर?"

माझ्या आठ दिवसांच्या समजुतीला तिनं दोन वाक्यांत भोक पाडलं होतं. तिला हे किती दिवसांपासून माहीत होतं ते मी विचारलं नाही. मला भरतशेठनी सांगितलं होतं हे तिला माहीत आहे का, तेही विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून ते मला कळलं होतं.

मी म्हणालो, "बघू."

हा शब्द तोंडातून गेला आणि मला स्वतःची शिसारी आली.

तेवीसला सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं पुण्याला निघालो, यशोधरा, भागुजी आणि मी. मी पालकाच्या सोबतीला आलेला शेजारी म्हणून गेलो होतो, शिक्षक म्हणून नाही. मंचर गेलं, खेड गेलं. भागुजी खिडकीतून बाहेर बघत होते. मुलगी मांडीवर हात ठेवून बसली होती आणि तिचे अंगठे एकमेकांभोवती फिरत होते. मला तीनदा वाटलं की आत्ताच भागुजींना सगळं सांगावं, आणि तीनदा मी तिकिटाची गुंडाळी केली. चौथ्या वेळी तिकीट फाटलं.

बोर्डाच्या कचेरीत लांबलचक व्हरांडा होता आणि भिंतीला लागून बाकं. भरतशेठ बाकीच्या दहा जणांना दोन जीपांतून घेऊन आले होते. मला पाहून त्यांनी ओळख दाखवली नाही, माझं नाव कुठं यायला नको म्हणून. मुलं एकेक करून आत जात होती आणि एकेक करून खाली मान घालून बाहेर येत होती. हर्षाली बाहेर आली ती सरळ जिन्याकडं गेली. यशोधराचा नंबर पहिला असून तिला सगळ्यांत शेवटी बोलावलं, तेव्हाच मी समजलो की दहाही जणांनी सांगायचं ते सांगितलं आहे.

ती आत गेली तेव्हा तीन वाजले होते. मी व्हरांड्यात फेऱ्या मारू लागलो. बारा पावलं तिकडं, बारा पावलं इकडं. शिपाई म्हणाला, "बसा की काका." मी बसलो आणि परत उठलो.

पावणेचारला ती बाहेर आली.

"काय विषय दिला?" मी विचारलं. सवयीचा परिणाम, दुसरं काय.

"विषय समितीतल्या बाईंनी दिला व्हता, पण मी त्यांना विचारलं, मला दुसऱ्याच गोष्टीवर लिहायचंय, लिहू का? त्या लिही म्हणाल्या." ती एका दमात सांगत गेली. "मी पयलंच वाक्य लिहिलं की मी कॉपी केली न्हाई आणि करूबी दिली न्हाई, मी परिच्छेद पाठ केला व्हता. मग लिहिलं की माझे आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले. मग लिहिलं की पाठ का केलं, आमाला लिहायला येत नव्हतं म्हणून, आणि आता थोडं येतंय."

"मग?"

"बाईंनी विचारलं, नोट्स कुणाच्या? मी म्हणलं, नाव मी सांगणार न्हाई. ते ज्यांचं हाय त्यांनीच सांगायचं. त्या म्हणाल्या, मग तुझं खरं धरता यायचं न्हाई. समिती पाचला उठती, तोवर सांगायचं तर सांग."

भागुजींनी मुलीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. त्यांनी काही विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मागून खांद्यावर हात पडला. भरतशेठ होते. "सर, चला, चहा घेऊन येऊ," ते हसून म्हणाले. हात मात्र त्यांनी घट्ट धरला होता. "झालं सगळं. आता हितं उभं राहून काय करायचंय?"

मला त्या क्षणी कसला साक्षात्कार झाला नाही. मला भीती वाटत होती आणि बायकोला काय सांगायचं हा विचार होता. एवढंच की तिसऱ्यांदा 'बघू' म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द आला नाही. मी भरतशेठचा हात काढला आणि दार लोटून आत गेलो.

आत तिघं जण होते. अध्यक्ष बाई पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मी नमस्कार केला आणि माझं नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, नारायणगावहून आलोय, एसटीला आज फार गर्दी होती, असं काहीतरी बोलत राहिलो. बाईंनी हात वर केला.

"काय काम आहे?"

"मी इंग्रजी शिकवतो. त्या मुलांना."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. बाईंनी एक कोरा कागद पुढं सरकवला. "मग लिहून द्या. इंग्रजीतच द्या, एक परिच्छेद पुरे. पाचला आम्ही उठतो."

मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. हात आपोआप चालू लागला आणि त्यानं लिहिलं, आपणा सर्वांना ठाऊकच आहे की शिक्षकी पेशा हा पवित्र पेशा आहे. ते मी खोडलं. मग लिहिलं, ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी लक्षात घेता. तेही खोडलं. मग माझ्या सव्वीस वर्षांच्या सेवेचा उल्लेख केला आणि तो खोडला. मी पाव्हण्यासारखा त्या कागदावर बसलो होतो, पाणी पीत, चहा पीत, उंबऱ्याची वाट बघत. साडेचार झाले. कागदावर खोडलेल्या ओळींची काळी पट्टी तयार झाली. बाहेर यशोधरा बसली होती. तिचा जीव टांगलेला होता आणि मी वायरीचं पुराण लावत होतो.

मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला एक वाक्य लिहिलं. पुढची वाक्यं त्याच्यामागून आली. मी त्या मुलांना लिहायला शिकवलं नाही, पाठ करायला शिकवलं. क्लास माझा आहे, पाटी बायकोची. पेपर कुणी कुणाला दाखवला नाही, त्याची गरजच नव्हती. आज बाहेर बसलेल्या मुलीनं आठ दिवसांत जे शिकून घेतलं ते मला अजून जमत नाही. पाच वाजायला सात मिनिटं कमी असताना मी कागद दिला.

बाईंनी पहिलं वाक्य वाचलं आणि चष्मा काढला. मग चष्मा लावून पुढचं वाचलं. "तुम्हाला कळतंय ना, हे तुमच्या संस्थेकडं जाईल?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

ते गेलं. दोन वेतनवाढी गेल्या, पाटी उतरली, आणि पुढची तीन वर्षं भरतशेठ मला बाजारात दिसले की दुसऱ्या दुकानात शिरायचे. अकराही जणांचे त्या एका प्रश्नाचे गुण कापले आणि निकाल लावला. यशोधराचा अर्ज अठ्ठावीस तारखेला, मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. आज ती जुन्नरकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी आम्ही शिवाजीनगरच्या स्टँडवर नारायणगावच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसलो होतो. भागुजी चहा आणायला गेले होते. कचेरीतून निघताना मी त्यांना सगळं सांगितलं होतं, भरतशेठ पहिल्यांदा घरी आले त्या दिवसापासून. ते ऐकून घेऊन एवढंच म्हणाले होते, "आठ दिवस आमच्याकडं येत व्हता, सर. पयल्या दिवशी सांगायचं की." त्यांनी मला माफ केलं का ते मला अजून माहीत नाही. पण ते तीन चहा आणायला गेले होते, दोन नाही.

यशोधरा समोरच्या गाड्यांकडं बघत होती. तिनं विचारलं, "सर, पयलं वाक्य काय लिहिलं?"

मला सांगायला लाज वाटली. मग सांगितलं.

"ते अकराही आजोबा माझे आहेत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. आठ दिवसांत मी तिला कधी हसताना पाहिलं नव्हतं. ती आधी ओठ आवळून हसली, मग तोंडावर ओढणी धरून हसली, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत राहिली. भागुजी कप घेऊन आले आणि आमच्याकडं बघत उभे राहिले.

ओढणीनं डोळे पुसून ती म्हणाली, "मंग पुढचं सोपं गेलं असंल."